शेजारची खुर्ची

३ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनासभेत चिटणिसांनी सांगितलं, खुर्च्या रिकाम्या राहतात, प्रत्येकाने एक नवा माणूस आणावा. निमंत्रणाचं कार्ड अर्थात मीच लिहून दिलं. ‘माझ्या शेजारची खुर्ची तुमची वाट पाहत आहे.’ नेमकं आणि भारदस्त. माझा माणूस आठवड्याभरात हजर होईल.
माझ्या डावीकडची खुर्ची हे गेल्यापासून रिकामी आहे. त्याचा या मोहिमेशी संबंध नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार
बिल्डिंगमधली सगळी दारं झाली. बहुतेक जण बाहेर गेलेले. टीव्ही चालू, दिवे चालू, एका घरात तर गॅसवर काहीतरी खदखदत होतं आणि माणूस एक नाही. निष्काळजीपणाची कमाल. कार्डं दाराखालून सरकवली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
फॉलो-अप. खरं काम हेच. बेल वाजवली की दाराखालचा उजेड जातो. वायरिंग तपासून घ्यायला हवं. दुसऱ्या मजल्यावर दारापलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं. भास. जिना चढताना मागे वळून पाहिलं, तेही सवयीने. हे नेहमी एक पायरी मागे असत.
तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तेवढं दार उघडलं. गिऱ्हाईक समजून. कार्ड वाचून अंगावर काटा आला म्हणाल्या. कोण बसलंय हो त्या खुर्चीवर? मी म्हटलं, कुणीच नाही, हाच तर मुद्दा आहे. रविवारी बघते म्हणाल्या. म्हणजे येणार. मोहीम फत्ते.

१० फेब्रुवारी, रविवार
आल्या नाहीत. कुणाचे तरी पडदे द्यायचे होते.
प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. कुणीतरी दाराकडे लक्ष द्यायला हवंच. शिवाय डोळे मिटले की डावीकडून श्वास ऐकू येतो. जरा घरघरणारा, ह्यांचा शेवटी शेवटी होता तसा. खिडकीला फट आहे, वारा येतो. चिटणिसांना तसं सांगितलं. त्यांनी बराच वेळ शोधली, सापडली नाही. माणूस भला, पण नजर अधू.

१३ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा तळमजला. श्रद्धेविषयी सविस्तर बोलले. बाई साडीएवढा लांब पडदा दुमडून टीप मारत राहिल्या. मध्येच विचारलं, प्रार्थनेत तुम्ही स्वतः काय मागता? मी म्हटलं, विषय तुमचा चालू आहे, माझा नव्हे. त्यांनी दोरा दातांनी तोडला.
“काकू, तुम्ही मला देवाकडे बोलावताय की सोबत मागताय? सोबत हवी असेल तर इथे येऊन बसत जा. स्टूल आहे.”
आगाऊपणा. चहा अर्धा टाकून आले.

१७ फेब्रुवारी, रविवार
सभेला गेले नाही. सर्दी. अजून झालेली नाही, पण खबरदारी म्हणून.
प्रार्थना घरीच. डावीकडे भिंत येईल अशा बेताने बसले. भिंतीतून घरघर. शेजारच्यांचा टीव्ही असणार. ते परगावी गेलेत हे मागाहून आठवलं. मग माझा टीव्ही मोठा केला.

२४ फेब्रुवारी, रविवार
सर्दी येऊ घातली आहे. सभा नाही. टीव्ही सकाळपासून.

२५ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ
बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं. चिटणीस आणि शिवणवाल्या बाई. हात आपोआप बटणाकडे गेला. दिवा बंद. का, ते सांगता येणार नाही. दाराला चिकटून उभी राहिले.
चिटणीस म्हणाले, बाहेर गेलेल्या दिसतात. बाई म्हणाल्या, टीव्ही चालू आहे, आणि आत्ता दाराखालचा उजेड गेला. मग दाराशी तोंड आणून बोलल्या.
“काकू, काल मी गेले होते. चिटणिसांनी दाखवली त्या काकांच्या खुर्चीवर बसले. शेजारची तुमची रिकामी. सगळ्यांनी डोळे मिटले, मला काही मिटवेनात. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय असंच वाटत राहिलं.”
खिडकीला फट आहे, असं चिटणिसांनी त्यांना समजावलं. काकूंनीच शोधून काढली म्हणाले.
माझा हात कडीवर होता. पण आपण घरात नाही असं एकदा ठरल्यावर दार कसं उघडणार? पावलं जिन्यावरून खाली गेली. त्याआधी कार्ड आत सरकलं. अंधारात दिसत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती.
म्हणजे माझा माणूस शेवटी सभेला आला. नोंद असावी.
टीव्ही बंद केला. घरघर थांबली नाही. भिंतीला कान लावला, खिडकी तपासली. मग नीट ऐकलं. माझीच होती. नाकही वाहत होतं.
सर्दी झाली एकदाची.