तीन दिवसांचा पाहुणा

६ मे
बीर सुवैदला सुखरूप पोचलो. मस्कतच्या दमट उकाड्यात अर्धं आयुष्य शिजल्यावर इथली कोरडी भट्टी म्हणजे बढतीच. काम सोपं : विहिरीवरचा पंप चालू ठेवायचा. घर दोन खोल्यांचं, पण बैठक ऐसपैस. घरमालक हमूद टेकडीपलीकडे उंट पाळतो. माझी संस्कृत पुस्तकं पाहून म्हणाला, "उस्ताद, फुकट ओझं आणलंस. इथल्या वाळवीला अरबीसुद्धा वाचता येत नाही."

संध्याकाळी त्याच्याकडे कॉफी झाली. पुरे म्हणून मी पेला हलवून दाखवला, तेव्हा म्हातारा खूश झाला. पेला हलेपर्यंत यजमान ओततच राहतो, हे मला शिकवावं लागलं नाही, म्हणून.

९ मे
झुरळं पाण्याच्या पिंपात, मुंगळे साखरेत, आणि काल चपलेत विंचू. पाठशाळेत जीवांचे चार प्रकार घोकले होते; त्यांतला घामातून जन्मणारा स्वेदज मला थोतांड वाटे. गुरुजींची जाहीर माफी मागतो. माझ्या बनियनमध्ये आज जे सापडलं, ते दुसऱ्या कशातून जन्मलेलं असूच शकत नाही.

पंपामागच्या बाभळीखाली बसू नकोस, असं हमूदने बजावलं. तिथे पूर्वी उंट बसत. उंट गेले, पण त्यांचे गोचीड वाळूत तसेच पडून आहेत. वर्षानुवर्षं उपाशी राहतात आणि श्वासाची ऊब लागली की वर येतात. मी हसलो. त्यावर तो म्हणाला, "हस, हस. त्यांना गोड रक्त आवडतं, आणि तू चहात चार चमचे टाकतोस."

१४ मे
सकाळीच वादळ उठलं. आकाश हळदीच्या पाण्यासारखं. दाराच्या फटीतून वाळू आणि वाळूबरोबर किडे येतायत. वाफेत शिजवलेला भात चावताना दातांखाली जे कुरकुरलं, ते वाळू होती असं मी ठरवून टाकलं.

दुपारी दार वाजलं. बाभळीच्या बाजूने चालत आलेला एक माणूस. जाड तपकिरी शालीत पार गुंडाळलेला, डोळे तेवढे दिसत होते. बोलला नाही. मी बैठकीत बसवलं, खजूर ठेवले, कॉफी ओतली. नाव-गाव विचारलं नाही. तीन दिवस पाहुण्याला काही विचारायचं नसतं. आलेल्याला जो परतवतो, त्याच्या दारी पुन्हा कुणी येत नाही. आणि वादळात कुणी आलंच नाही, तर इथे माणूस मरतो. हा पक्का हिशेब हमूदच्याच तोंडून ऐकलाय.

पाहुणा पेला हलवत नाही. मी ओततोय.

१५ मे
अजून वादळच. पाहुण्याला उंट बसायच्या जुन्या जागेचा वास येतो : मूत, लोकर, कुजकं रक्त. शालीच्या काठाखाली चटईवर राखाडी दाणे पडलेत. घेवड्याचे म्हणून उचलायला गेलो, तर दाण्यांना पाय फुटले. चिमट्याने धरून रॉकेलच्या डब्यात टाकले. एक चिमट्यातच फुटला. बोटांवर काळसर, कोमट. साबणाची अख्खी वडी झिजवली. बोटं अजून चिकटच वाटतात.

खजुरांना त्याने हात लावलेला नाही. पेला मात्र पुढे करतो. पेला रिकामा असतो, पण त्याला पिताना मी पाहिलेलं नाही.

मला खोकला झालाय. मी खोकलो, की जरा वेळाने तो खोकतो. अगदी तसाच.

१६ मे
काखेत, कानामागे, गुडघ्याच्या लवणीत गोचीड. ओढले की डोकी आतच राहतात. पोटावरचा एक द्राक्षाएवढा झालाय. तो मी—नको, लिहवत नाही. दोनदा ओकलो.

आज पेला देताना त्याची शाल मनगटावरून सरकली. कातडी हलली. कातडी नव्हतीच. एकमेकांना चिकटून बसलेले—हजारो—आणि त्यांच्यामध्ये हाड म्हणून काही—

हाकलून द्यावं. पण दार उघडलं तर वादळ आत, आणि तो बाहेर जाईलच असं थोडंच आहे? स्वैपाकघरात येऊन कडी लावली. उद्या तिसरा दिवस उलटेल. मग विचारता येईल.

शिष्टाचार! अजूनही मी शिष्टाचारच पाळतोय.

१७ मे
वादळ थांबलं. विचारायला तोंड उघडलं, आवाज नाही. घशात गाठी. बोट घातलं—त्या गाठी चालतात.

बाहेर हमूदची गाडी. देवा, तो मला बघायला आलाय. आत येऊ नये त्याने. बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही, तेवढीच आशा.

हाका मारतोय. "उस्ताद! जिवंत आहेस का मेलास? अरे, दारात किती वेळ उभं करशील म्हाताऱ्याला?"

त्याला सावध करायला भांडी आपटतोय मी. तो हसतोय. म्हणतो, "स्वैपाक नंतर कर, आधी आत तर बोलाव!"

बैठकीतून कुणीतरी खाकरलं. माझ्यासारखं.

मग माझा आवाज. माझाच, मस्कती उच्चारांचा, थोडा थट्टेखोर—

"ये रे हमूद, घर तुझंच आहे. कॉफी गरम आ—"

बाहेरचं दार वाज