थडग्याची रेघ

प्रिय रेरेइया,

नाताळच्या जहाजातून तू पाठवलेलं पीठ, चहा आणि बाबांसाठीची नायलॉनची फुलं मिळाली. फुलं बरी आहेत. चहा संपलासुद्धा, पुढच्या वेळी दोन डबे पाठव. डुकरीण व्याली, पिल्लं दांडगी आहेत.

सुवाला, शहरात परत जाताना तू घराच्या खांबाला तो चौकटींचा कागद ठोकून गेलीस. समुद्र बाबांचं थडगं गिळेल अशी तुला धास्ती. म्हणून भरतीच्या खुणेपासून थडग्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला मोजायचं आणि एक ठिपका द्यायचा. मी शाळेत गेले ती नावापुरती, पण दोरी धरून हात मोजता येतात मला. तू म्हणालीस, रेघ खाली उतरत जाईल.

ती चढतेय, बाई.

आधी मला आनंदच झाला. समुद्र मागे हटला म्हणून सभाघरात सांगत सुटले. कबूता म्हातारा म्हणाला, "तुझ्या जिभेला घाबरला असेल गं, आरितिता!" सगळे खो खो हसले. मग तोच बघायला आला. पाणी अजून त्याच जुन्या पोवळ्याच्या बांधाला लागतं, वीतभरही इकडेतिकडे नाही. म्हातारा ओतलेली ताडी तशीच ठेवून गेला.

तू शिकवलास तसा मी उतार काढला. रेघेवरचे दोन ठिपके धरले. एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ किती वर गेली आणि किती पुढं गेली ते मोजलं, वरच्याला पुढच्यानं भागलं. दोन हात वर, चार महिने पुढं. म्हणजे महिन्याला अर्धा हात. दुसरे ठिपके धरले, तरी अर्धा हातच. माझी दोरी ढिली, कधी वारा, कधी घाई, आणि रेघ मात्र मासा लागलेल्या गळाच्या दोरीसारखी ताठ.

थडगं आणि घर यांच्यामध्ये मी केवड्याच्या दोन चटया वाळत घालायचे, आठवतं? आता एकसुद्धा दुमडून घालावी लागते. कडेचे दगड ओळीत तसेच आहेत. वाळू कुठं उकरलेली नाही. झाडताना खराटा दगडाला लागतो आणि मी म्हणते, "सरका जरा." तुझे बाबा जिवंत असताना मी म्हणायचे तसंच.

बाबा गेले तेव्हा कबूतानं त्यांच्या आत्म्याची वाट रीतसर सरळ केली होती. उशाशी बसून मेलेल्यांच्या गावाचा, उत्तरेचा रस्ता सांगितला, मागं वळू नकोस म्हणाला. मग दोन दिवसांनी तुझं जहाज लागलं. तू थडग्यावर पडून ओरडलीस, "बाबा, जाऊ नका! घरी चला!" मी धावत येऊन तुझं तोंड दाबलं. सगळ्यांना वाटलं, काय दगडाच्या काळजाची आई आहे. तुलाही वाटलं.

आता थडग्यापासून घराच्या खांबापर्यंत दोनच हात उरलेत. भागाकार तूच कर, मला ईस्टर दिसतो. तू त्यांना बोलावलंस, तूच येऊन त्यांना "जा" म्हण. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. कबूता रोज बजावतो, "थडग्याच्या बाजूचा झावळ्यांचा झाप खाली सोड, बाई." मी सोडत नाही. काल त्यांची उशीही उन्हात घातली. म्हणून हे पत्र. लवकर ये गं, मला थांबवायला ये.

तुझीच आई,
आरितिता