माणसाचा वास

३ मार्च २०२५
आले एकदाची! एसटीनं कर्जत, पुढं रामहरीकाकांच्या मोटारसायकलवर. काका इथले जुने वनमजूर आणि मी नवी कोरी वनरक्षक. काळविटांचं अभयारण्य म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. चहूकडून ऊस, आत विलायती बाभूळ माजलेली, गवत नावाला. पण टेकाडावर काळवीट उभे होते आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. संध्याकाळी काका वस्तीवर गेले. क्वार्टरमध्ये मी एकटी.

८ मार्च
टँकरनं पाणवठा भरून परतताना गवतात एकटं पाडस दिसलं. पाऊण तास थांबले, आई आली नाही. गावची कुत्री मोकाट हिंडतात, म्हणून उचलून आणलं. खरं सांगायचं तर मलाही सोबत हवी होती.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवो मॅडम, आई चरायला गेल्ती. ती पिल्लू लपवूनच जाती. आता मानसाचा वास लागला, जवळ करनार न्हाई."

९ मार्च
पाडसाला माती-गवतानं चोळून जागेवर ठेवलं. आई आली. हुंगून मागं सरली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पाडस बोटावरचं दूध थेंबथेंब चाटतं, बाकी उपाशीच. माझ्यामुळे मरणार ते.

१० मार्च
भरदुपारी पाडसाची आई दारात! शंभर पावलांवरून पळणारी जात ही. माझा हात चाटू लागली. जीभ खरखरीत, गरम. माझी आई गेल्यापासून इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मी रडले.

१२ मार्च
रोज येते. हात, मान, तोंड चाटते. उशीला, कपड्यांना माझा वासच येत नाही, तिचाच येतो. पण आज तिनं पाडसाला पाजलं! सुटले बाई.

१३ मार्च
काकांना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हुर्र करून काठी उगारली. पिकात घुसलेलं जनावर हाकलतात तसं.

मी परत हाक मारली. ते आणखी जोरात—

१४ मार्च, दुपार
गावची सहा कुत्री अभयारण्यात शिरलीत. रोज मला बघून शेपूट घालायची. आज ओरडले तर कान टवकारले, लाळ—

दार लावून घेतलंय. ती चरायला गेलीय. पाडस बाहेर, गवतात.

खिडकीतून दिसतंय. कुत्री तिकडेच वळलीत.

मी धावले तर पाडस सोडून माझ्यामागं येतील. नक्की येतील. कडी काढते—