पाण्यात मामंजी

अत-बाशी, १४ मे

चिरंजीव एर्मेक यास,

सुखी अस. इकडे सगळं ठीक. घोडीला शिंगरू झालं. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आणि तीही. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून पत्र. तू विचारलंस त्याकडे येतोच, घाई करू नकोस.

आधी तुझ्या बायकोचं ऐक. बुरुल शनिवारी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेतून सुटली की दहावीच्या पोरींना आपल्या अंगणात घेऊन बसते. विहिरींचं पाणी, काचेच्या नळ्या आणि प्रश्नांचा नुसता भडिमार. मी खोगीर शिवत ऐकतो. माझ्या बापानं माझं नाव तेमिर, म्हणजे लोखंड, ठेवलं तेव्हा सून रसायनशास्त्र शिकवेल हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून ही बया लोखंडाला 'मामंजी' म्हणते. पोरीही तेच शिकल्या. नळीतलं पाणी लाल झालं की ओरडतात, "मामंजी आले!"

त्यातली सेझिम सगळ्यांत हुशार. राजधानीतल्या संस्थेचे पाहुणे परवा शाळेत आले होते, उन्हाळाभर त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला एकीला निवडणार होते. तिचा बाप शादीबेक, आयुष्य मेंढ्यांमागे गेलेला, आधीच बजावून बसला होता, "चारचौघांत हसं झालं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

आणि झालं ना! पोरगी उभी राहिली नि खणखणीत आवाजात म्हणाली, "खालच्या विहिरीच्या पाण्यात मामंजी फार झालेत."

अख्खी शाळा खो खो हसली. सेझिम पांढरीफटक. शादीबेक उठून दाराकडे निघाला. बुरुलनं एक शब्द सांगितला असता तर निभावलं असतं, पण मी पहिल्या रांगेत! माझ्यादेखत माझं नाव कसं घेणार?

मी उठलो. "सूनबाई, नाव घे माझं. मोठ्यानं."

"अहो मामंजी, असं कसं..."

"मामंजी पुरे. नाव!"

"तेमिर," ती म्हणाली. कान लालबुंद. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "शब्द माझा चुकला. पोरीचं काम चोख आहे."

मग सेझिम जी सुटली! लोखंड कुठून येतं, किती चालतं, कसं गाळायचं. पाहुण्यांनी उलटसुलट विचारलं, ही एकदाही अडली नाही. तिलाच निवडलं. माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण गेलं.

दारात थांबलेला शादीबेक तरी अडून. "पोर पाठवायची, परतल्यावर पुढं शिकवायची, ती बुरुलच्या भरवशावर. आणि तीच उद्या नवऱ्याकडे मॉस्कोला गेली तर? बोलावणं आलंय म्हणे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुरुल जमिनीकडे.

मी म्हणालो, "बुरुल कुठंही जात नाही. माझा शब्द."

तर तू विचारलंस त्याचं उत्तर हे असं. तुला न विचारता बोललो, तिलाही. घरी येऊन तिला विचारलं, "चुकलो का गं?" ती रडायलाच लागली. म्हणाली, "नाही. मला तुमच्या लेकाला नाही म्हणता येत नव्हतं."

तिकडच्या गोदामात खोकी भरायला तिला बोलावू नकोस, एर्मेक. शिव्या द्यायच्या तर मला दे. आणि बायकोची आठवण येत असेल तर घरी ये.

बुरुलचा बाप, आणि तुझाही,
तेमिर