भिंतीवरची नर्स

नांदेड, २२ जून

प्रिय रुद्राणी,

सप्रेम जय भीम. तुझं लिंगायती नमस्काराचं ‘शरणार्थ’ पोचलं असं धरून चालते, कारण दिवाळीपासून तू ते पाठवलेलं नाहीस. तुझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया चांगली झाली असं कानावर आलं. माझे गुडघे जुनेच आहेत आणि परवा लातुरात मी त्यांना खुर्चीवर चढवलं. का, ते पुढे येईलच. पत्र इंग्रजीत लिहिणार होते, पण कॉन्व्हेंटात आपल्याला थँक यू आणि सॉरी एवढंच पक्कं शिकवलं. संतापाचा धडा कुठल्याच इयत्तेत नव्हता.

माझी भाची धम्मप्रिया तुला आठवत असेल. माझा भाऊ नरसिंग इस्लापूरला असतो, त्याची ही मुलगी. माझ्याकडे राहून तिने नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं, पहिल्या वर्गात आली, कौन्सिलमध्ये नोंदणी झाली. नोंदणीपत्र आलं त्या दिवशी नरसिंगने गावभर पेढे वाटले. (पेढ्यांची घाई ही आमच्या घराची जुनी खोड.) मी तिला बजावलं होतं, वशिला शोधायचा नाही, तुझी आत्या स्वतःच्या गुणांवर लागली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. पोरगी शहाणी, तिने ऐकलं. तिथेच तिचं चुकलं.

इथल्या डॉक्टर लेनमधल्या दवाखान्यांचे जिने आम्ही दोघींनी चढून पाहिले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, अनुभव आणा. तो कुठे मिळतो विचारलं तर म्हणाले, दुसरीकडे. दुसरीकडच्यांनीही अनुभवच मागितला. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी लग्न कधी करणार विचारलं. इतक्यात नाही म्हटल्यावर, का नाही, हेही विचारलं. (मुलाखत नर्सची होती. मुलगा मात्र त्यांनी दाखवला नाही.) चौथ्या ठिकाणी नाव विचारलं. धम्मप्रिया म्हटल्यावर आडनाव विचारलं नाही. आमच्या नावांची ही एक सोय आहे, समोरच्याचा पुढचा प्रश्न वाचतो. ‘कळवतो’ म्हणाले. ‘कळवतो’ म्हणणाऱ्याने कळवल्याचं माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेलं नाही.

म्हणून एप्रिलात ती एकटीच लातूरला गेली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, मला सभ्यता शिकवलेली आहे. तिथला मॅनेजर व्यंकट याने तिचं मूळ नोंदणीपत्र पडताळणीसाठी ठेवून घेतलं आणि ‘सोमवारी बोलावतो’ म्हणाला. असे दहा सोमवार गेले. मूळ कागद हातात नाही, म्हणून दुसरीकडे अर्जही करता येईना. पोरगी रविवारी रात्री युनिफॉर्मला इस्त्री करून ठेवी आणि मंगळवारी घडी घालून कपाटात टाकी. हे मला बघवेना. मी एसटी पकडली.

दवाखाना चकचकीत. रिसेप्शनच्या भिंतीवर एका बाईचा रिबन कापतानाचा मोठा फोटो, आणि त्याखाली काचेच्या चौकटींत चार नोंदणीपत्रं. तिसरं आमच्या पोरीचं! पासपोर्ट फोटोतून माझ्याकडे बघत होती. आणि त्या चौकटीखाली, पांढरा कोट घालून, दहावी झालेली मनिषा नावाची मुलगी एका म्हाताऱ्याच्या हाताची शीर शोधत होती, जशी आपण अंधारात सुई शोधतो.

मी व्यंकटला विचारलं, हे काय आहे? तो मुळीच ओशाळला नाही.

“म्याडम, तपासणीवाले येतेत. त्यांना भितीवर कागद लागतंय. माणूस न्हाई लागत. तुमची पोरगी लागलीच की कामाला! मस्टरवर नाव हाय, रोज सही हाय.”

“सही कोण करतं?”

“मीच करायलोय की.”

म्हणजे बघ, कागदाला नोकरी लागली होती. रोज हजर, रजा नाही, पगारही मागत नाही. पोरगी तेवढी घरी बसून होती. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि चौकट उपटायला लागले. स्क्रूने आवळलेली. व्यंकट खालून ओरडत होता, “साहेब हैदराबादला हायेत! साहेब आल्याबिगर कागद निघत न्हाई!” तेवढ्यात आतून बसम्मा नावाच्या पेशंटची हाक आली, “अगं बायांनो, नळीत रगत चढायलंय, कुणी हाय का न्हाई?” सलाईन संपून गेलं होतं आणि मनिषा दारात गोठून उभी. मी उतरले, आत गेले, जे करायचं ते केलं. मनिषा रडायला लागली, “मला कुणी शिकवलंच न्हाई हो.” तिची खरडपट्टी काढायला गेले होते, सलाईन कधी नि कसं बंद करायचं ते शिकवून आले.

हे सगळं पाहून व्यंकट काय म्हणाला असेल? “म्याडम, तुमचा बी कागद असंल की घरी. द्या. जुन्या माणसाचा कागद भितीला लई वजनदार दिसतो.”

मी कौन्सिलला लिहिणार आहे, कलेक्टरला लिहिणार आहे, वर्तमानपत्रात तर लिहिणारच आहे. नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
पारू

ता. क. : रिबन कापणारी बाई तू आहेस. फोटोत जाड दिसतेस. अमरेश हैदराबादहून आला की त्याला सांग, त्याच्या आईची बालमैत्रीण त्याच्याच दवाखान्यात खुर्चीवर चढली होती. तक्रारीची पत्रं लिहून तयार आहेत, तिकिटं लावलेली नाहीत.

आणखी एक : गुणांवर लागले, हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. मी पहिल्यांदा लागले त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांच्या नावे तुझे वडील शरणप्पाकाका यांनी चिठ्ठी दिली होती, ती मी रागाने फाडून टाकली, असं तुलाही सांगितलं होतं. फाडली नव्हती. दिली होती. तिच्यात एकच ओळ होती : ‘ही पोर आमची आहे, कामाला उभी करा.’ डॉक्टरांनी खालचं काकांचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं, आणि संध्याकाळी मी वॉर्डात होते. धम्मप्रिया सोमवारी पहिल्या एसटीने निघते आहे. युनिफॉर्मला इस्त्री झालेली आहे. कागद भिंतीवरच राहू दे. तिला त्याखाली उभी कर, आणि मनिषाला तिच्या शेजारी. ती शिकवेल. हे पत्र धम्मप्रियाला दाखवू नकोस. ती समजते की तिला गुणांवर बोलावलंय.