तुझा बीम वेगळा, माझा बीम वेगळा

दापोडे, भिवंडी
१२ नोव्हेंबर १९८९

तीर्थस्वरूप तात्यांना अवधूतचा साष्टांग नमस्कार.

प्रमोदिनीकाकूंचे गुडघे आता बरे असतील. आमच्याकडे गुडघे सर्वांचे ठीक, माझं डोकं तेवढं जाग्यावर नाही.

आपणच म्हणाला होतात, एकट्याने गाळा घेऊ नकोस, कुणाजवळ तरी बस, त्याची गिऱ्हाइकं तुझी होतील आणि तुझी त्याची. यातलं अर्धं खरं झालं. (कुठलं ते पुढे कळेलच.) गाळा केसरीनाथचा, फोनही त्याच्याच नावावर. तो आपला जुना विद्यार्थी, शेत विकून लोखंडाच्या धंद्यात पडलेला. एका टेबलाशी तो, दुसऱ्याशी मी, मधल्या स्टुलावर फोन. मी लूमवाल्यांना बीम पुरवतो, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ. केसरीनाथही बीम पुरवतो. त्याचे लोखंडी, घराच्या छताखाली घालायचे.

मी जेवायला घरी गेलो होतो तेव्हा अन्सारीशेठचा फोन आला. माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. (खरं तर सांगण्यासारखं एकच.) बीम पाठवा, लवकर, एवढंच बोलून त्यांनी ठेवला. केसरीनाथने तत्परतेने टेम्पो भरून पाठवला. परतल्यावर हे कळलं आणि मी धापा टाकत शेठच्या कारखान्यात पोहोचलो, तर शेठ लोखंडाकडे बघत शांतपणे म्हणाले, "अवधूतभाय, माल तो मजबूत है. मगर इसका कपडा पहनेगा कौन?"

केसरीनाथला जाब विचारला. तो म्हणाला, "बीम मांगले, बीम धाडले. मना काय ठाव, तुजा बीम येगला हाय?" इतके दिवस शेजारी बसून माझा धंदा काय, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

माल परत येईल असं वाटलं होतं. पण शेठनी तो ठेवून घेतला आणि कारखान्यात माळा काढला. तो पाहून शेजारच्या लूमवाल्यालाही माळा हवासा झाला, मग त्याच्या मेव्हण्याला. आता माझीच माणसं मला विचारतात, "केसरीशेठ हैं क्या?" मी निरोप घेतो आणि देतो. दमलो, तात्या. यापुढे शेजार नको. एकटाच बसेन, धंदा बुडाला तरी माझा मी बुडवीन.

काकूंना नमस्कार, सुचेताला आशीर्वाद.

आपला,
अवधूत

ता. क. धंदा वाढल्यामुळे केसरीनाथ रस्त्यालगत मोठ्या जागेत जातोय. फोन अर्थात बरोबर नेतोय. आपला विद्यार्थी म्हणून तो आपलं म्हणणं मोडत नाही. तिथे दाराशी माझं एक टेबल मावेल का, एवढं त्याला विचारा. स्टुलाजवळ मिळालं तर फारच बरं.

पुन्हा ता. क. फोन केलात तर उचलणारा मीच असेन. "केसरीनाथ ट्रेडर्स" असं ऐकू आलं तरी ठेवू नका. सवय लागली आहे.