पिवळी गाडी आणि दादाचं भाषण

४ मार्च

ती. दादास,
नमस्कार मनापासून, साष्टांग घालायला कंबर परवानगी देत नाही.

मी गाडी घेते आहे. वापरलेली, छोटी आणि बेफाम पळणारी. खुर्चीतून उठला असशील, तर परत बस.

लग्नापासून मी ह्यांनी वापरून कंटाळलेल्या गाड्या चालवत आले. ह्यांना नवी आली की जुनी माझी. एका गाडीची सीट पुढे सरकतच नव्हती, तर पाठीला उशी लावून मी ऑपरेशन थिएटर गाठायची. आता पैसे माझे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा गाडी मी निवडणार, आणि निवड चुकली तर ती चूकसुद्धा माझीच हवी.

घरात लगेच सभा भरली. ह्यांचं म्हणणं, पन्नाशीनंतर माणसानं उंच, ऐसपैस, ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. मी म्हटलं, तशी तर रुग्णवाहिका असते, रोजच बघते. लेकीच्या मते आईला वेड लागलंय, पण उशिरा का होईना, लागलं हे बरं झालं.

दोन गाड्या हेरल्यात. कंपनी एक, वय एक. पहिली डीलरकडे आहे: पांढरी, टॉप मॉडेल, ऑटोमॅटिक, सनरूफ, मोठाली चाकं, चामड्याच्या सीट. दुसरी एका चष्मेवाल्याच्या घरी: मधलं मॉडेल, हातानं टाकायचे गिअर, कापडी सीट, डोक्यावर साधा पत्रा. सायलेन्सर मात्र बाहेरून बसवलेला, भुंकणारा. रंग पिवळा, थेट कावीळ झाल्यासारखा. बायकोची पाठ धरते म्हणून विकतोय.

चाळीस वर्षं तू कामगारांच्या सभा गाजवल्यास, गाड्यांची मासिकं पाठ केलीस आणि बसनं फिरलास. इतका निःस्वार्थ तज्ज्ञ मला दुसरा कुठे मिळणार? सांग, कुठली घेऊ. थोडक्यात सांग. 'थोडक्यात' म्हणजे काय, ते आधी शब्दकोशात बघ.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर पत्रं लांबतात.
तुझी,
छकुली


८ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे पिवळ्या गाडीला.

पांढरीकडे वळूनही बघू नकोस! टॉप मॉडेल म्हणजे काय? कंपनीला जे जे खपवायचं होतं ते सगळं एकाच पत्र्यात कोंबलेलं गाठोडं. सनरूफ म्हणजे डोक्यावर काचेची लादी. वजन वर चढलं की वळणावर गाडी डुलणारच. मोठ्या चाकांवर रबराची नुसती चिंधी असते. खड्डा आला की आधी रिम वाकते, मग मणका. आणि ज्याची जाहिरातीत कुणी ओळसुद्धा देत नाही ते ऐक: त्या वर्षी खास डिफरन्शियल फक्त मधल्या मॉडेललाच दिला होता. वळणावर ज्या चाकाची पकड पक्की, त्याला तो ताकद देतो. म्हणजे ऐन मोक्याची वस्तू साध्या गाडीत, आणि टॉपवाल्याला काय, तर गरम होणारी सीट! शेकायला माणूस गाडी घेतो का?

राहिला गिअर. आपला गिअर आपण टाकावा, हा हक्क आहे. गुलामगिरी घरात शिरते ती नेहमी सोयीचं नाव सांगून. आज गिअर सोडलास, उद्या स्टिअरिंग सोडशील, परवा मत देणंही दुसऱ्यावर सोपवशील.

सायलेन्सर तसाच ठेव. आवाज हे गाडीचं वक्तृत्व आहे.

रविवारी मी येतोच. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावू, चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का बघू, क्लच कुठे पकडतो ते बघू. तू एकटी जाऊ नकोस. सौद्याला बोलणारं माणूस लागतं.

धाकटी आहेस, म्हणून रागावायचा हक्क राखून ठेवतो.
तुझा,
दादा


१५ मार्च

दादा,
नमस्कार. आज नुसताच.

रविवारपासून तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण न बोलता भांडता येत नाही.

मी तुला काय विनवलं होतं? दोष काढ, तोंड वाकडं कर, मान हलव. गाडी घ्यायला आलेला माणूस हेच करतो. तू काय केलंस? बॉनेटवर हात ठेवलास आणि सुरू झालास. यंत्र आणि माणूस यांच्यातला शेवटचा प्रामाणिक करार काय, सोयीच्या चिखलातलं हे पिवळं बंड काय! शेजारची दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. एकानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा तू पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस. चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, साहेब, माझ्याकडे काय आहे हे मला आज कळलं. मग काचेवरचा 'विकणे आहे' कागद त्यानं आपल्या हातानं सोलून काढला.

धन्य आहे तुझी! मी माणसांना औषधानं झोपवते, तू इतकी वर्षं भाषणानं झोपवत आलास, आणि नेमकी याच्याच वेळी जागं करायची बुद्धी झाली!

डीलर पांढरी शनिवारपर्यंत राखून ठेवतोय. घेऊन टाकते. ह्यांनी तिचा फोटो बघून लगेच पसंती दिली, त्यातच काय ते आलं. म्हणजे पुन्हा ह्यांच्याच पसंतीची गाडी, फरक एवढाच की या वेळी पैसे मी भरणार.

तू आता कुठेही जाऊ नकोस आणि कुणाशीही बोलू नकोस.
राग ओसरला की कळवीन, तोवर लोभ तुझा तूच सांभाळ.
छकुली


१८ मार्च

चि. छकुलीस,
आशीर्वाद, मागच्यापेक्षा दुप्पट, कारण गरज माझी आहे.

तू बजावलं होतंस, तरी मी चष्मेवाल्याकडे गेलो. बिघडवलं मी, तर दुरुस्तही मीच करणार, या निश्चयानं. म्हटलं, आज विरोधी पक्षाच्या बाजूनं बोलायचं. गाडी पेट्रोल पिते, म्हटलं. तो म्हणाला, स्वातंत्र्याची किंमत असतेच, तुम्हीच सांगितलंत. सीट कडक आहेत, म्हटलं. तो म्हणाला, कणा ताठ ठेवणाऱ्यांना मऊ गादी लागत नाही. हे वाक्य माझंच! माझ्या दारूगोळ्यानं मलाच उडवलं, आणि खोटं सांगत नाही, मला मनातून बरं वाटलं. जाताना त्याची बायको फाटकापाशी आली आणि म्हणाली की रविवारपासून नवरा फक्त गाडी पुसतो आणि गुलामगिरीवर बोलतो. पुन्हा आलात तर कुत्रा सोडीन. त्यांच्याकडे कुत्रा नाही. माझ्यासाठी आणायची तिची तयारी दिसली.

मी हरलो. पण रुसून पांढरी घेऊ नकोस. रुसून घेतलेली गाडी रोज दारात उभी राहून टोमणे मारते.

क्षमा मागायची सवय नाही; हे पत्र तिच्या जागी धर.
दादा


२२ मार्च

ती. दादास,
नमस्कार, बऱ्यापैकी वाकून.

शुक्रवारी ड्यूटी संपवून मी एकटीच चष्मेवाल्याकडे गेले. भाषण केलं नाही. भूल देण्याआधी रुग्णाला विचारते तसे साधे प्रश्न विचारले. गाडी शेवटची बाहेर कधी काढली? कुठवर नेली? तो चाचरत म्हणाला, कोपऱ्यापर्यंत, हवा भरायला. म्हटलं, विकू नका, पण एकदा मला फिरवून आणा.

दादा, तो अंड्यांची टोपली न्यावी तशी गाडी चालवतो. तिसऱ्याच्या वर गिअर नाही, प्रत्येक वळणाला घाम. खाणीमागच्या मोकळ्या रस्त्यावर मी चावी मागितली. पहिल्यांदा क्लच सोडला तर गाडी बंदच पडली. क्लच पार वर येऊन पकडतो, झिजलाय. तो मला बदलावा लागणार. दुसऱ्यांदा मात्र निघालो. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तुझा तो डिफरन्शियल, खरं सांगते, रस्त्याला दातांनी धरतो. मी मोठ्यानं हसत होते. शेजारी बघितलं तर चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतलेले. गाडी थांबवून त्याची नाडी बघितली. चांगलीच धावत होती.

तो उतरून गवतात बसला. मग म्हणाला, डॉक्टर, मी तुमच्या भावाच्या भाषणाच्या प्रेमात पडलो होतो, गाडीच्या नाही. ही तुम्हीच घेऊन जा, आणि भाऊ पुन्हा बोलणार असतील तर मला जरूर कळवा.

काल कागद झाले. क्लचचे पैसे त्यानं किमतीतून आपणहून कमी केले. बायको मागे उभी होती. पांढरीला डीलरकडेच राहू दिलंय. तुझं एक ऐकणार नाही: सायलेन्सर मी मूळचा बसवून घेणार. रुग्णालयाच्या आवारात मला वक्तृत्व नको.

संध्याकाळी गाडी दारात लावली. हे बाहेर आले, एक चक्कर मारली, रंगाबद्दल काही बोलायचं मोठ्या कष्टानं टाळलं आणि चावीसाठी हात पुढे केला. मी त्या हातात माझी पर्स दिली आणि पलीकडचं दार उघडलं.

हे बसले. पट्टा कुठे अडकवायचा, ते मला विचारलं.

तुझी,
छकुली